राजीनामा पुढच्या दाराने, वर्गणी मागच्या दाराने : तेल कंपन्या, त्यांच्या संघटना आणि हवामानाची वचने

१/
१९ मे १९९७. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात ब्रिटिश पेट्रोलियम, म्हणजे बीपी या बलाढ्य तेल कंपनीचे प्रमुख जॉन ब्राउन भाषणास उभे राहिले. हरितगृह वायू आणि पृथ्वीची तापमानवाढ यांचा संबंध आता नाकारता येत नाही. पूर्ण पुराव्याची वाट न पाहता कृतीचा विचार सुरू केला पाहिजे, असे त्यांनी सांगितले. एका मोठ्या तेल कंपनीच्या प्रमुखाने जाहीरपणे असे बोलणे ही त्या काळी खळबळजनक गोष्ट होती. बीपीने हा पंथच सोडला, अशी भावना अमेरिकी तेलउद्योगाच्या संघटनेत उमटल्याची आठवण ब्राउन यांनीच पुढे सांगितली आहे.

२/
याच सुमारास बीपीने ‘ग्लोबल क्लायमेट कोअलिशन’ या गटाचे सदस्यत्वही सोडले. हवामानविषयक निर्बंधांना विरोध करण्यासाठी अमेरिकी उद्योगांनी उभारलेला हा गट. मात्र ‘अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट’ या तेलउद्योगाच्या जुन्या संघटनेत बीपी पूर्वीप्रमाणेच राहिली, आणि ही इन्स्टिट्यूट त्या कोअलिशनची सदस्य होती. म्हणजे पुढच्या दाराने दिलेला राजीनामा मागच्या दाराने निम्मा परत आला होता. मित्रहो, आजच्या धाग्याचा विषय हाच आहे. कंपनी एक बोलते आणि तिच्या वर्गणीवर चालणारी संघटना दुसरेच करते, तेव्हा इतिहासाने कंपनीची भूमिका कोणती मानावी?

३/
आधी एक ओळखीचे उदाहरण घेऊ. गणेशोत्सवातील कर्णकर्कश डीजेविरुद्ध सोसायटीत पत्रके वाटणारे एक सद्गृहस्थ आहेत. त्यांचा कळवळा खरा असू शकेल. पण ज्या मंडळाने तो डीजे ठरवला, त्याच मंडळाला सर्वांत मोठी वर्गणी ते देतात आणि कार्यकारिणीतही बसतात. विचारले तर म्हणतात, “मंडळ आरोग्यशिबिरही भरवते, सगळेच निर्णय काही मला पटत नाहीत.” त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. तरीही रात्री बारा वाजता भिंती हादरतात, तेव्हा त्या आवाजात त्यांचे पैसे असतातच. ऊर्जा कंपन्या आणि त्यांच्या संघटना यांचे नाते पुष्कळसे असेच आहे.

४/
उद्योगसंघटना मुळात वाईट हेतूने जन्माला आल्या, असे मात्र समजू नये. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची स्थापना १९१९ सालची. पहिल्या महायुद्धात तेल कंपन्यांना सरकारबरोबर आणि एकमेकांबरोबर काम करावे लागले, त्या अनुभवातून ती उभी राहिली. नळ्यांचे आटे, विहिरींची यंत्रसामग्री, सुरक्षिततेचे नियम यांची मानके तिने घडवली. कच्चे तेल किती हलके किंवा जड आहे हे मोजण्याची जी पट्टी आज जगभर वापरतात, ती याच संघटनेच्या नावाने ओळखली जाते. एकट्या कंपनीला न झेपणारी अशी अनेक उपयुक्त कामे संघटना करतात. म्हणूनच त्यातून बाहेर पडणे सोपे नसते, आणि ‘आम्ही मानकांसाठी आत आहोत’ हे उत्तरही नेहमी हाताशी असते.

५/
याच संघटना लॉबिंगही करतात. लॉबिंग म्हणजे कायदे करणाऱ्यांच्या भेटी घेणे, विधेयकांचे पर्यायी मसुदे पुरवणे, सुनावण्यांत बाजू मांडणे, जाहिराती देणे आणि खटले लढणे. यात कंपनीच्या दृष्टीने दोन सोयी असतात. एक, खर्च वाटला जातो. दुसरी त्याहून महत्त्वाची : नाव झाकले जाते. वर्तमानपत्रात ‘उद्योगाचा विरोध’ असे छापून येते. त्यात कोणत्या कंपनीचा आग्रह होता आणि कोण गप्प बसले, हे बाहेर कळत नाही. शिवाय सर्वांना चालेल अशीच भूमिका घ्यायची म्हटल्यावर तांड्याचा वेग सर्वांत संथ गाडीच्या बैलांवर ठरतो. बदलाला सर्वाधिक विरोध असलेला सदस्य सर्वांच्या वतीने बोलू लागतो.

६/
आता मूळ कथेकडे वळू. २३ जून १९८८ रोजी नासाचे शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली की तापमानवाढ सुरू झालेली आहे. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली हवामानबदलाचा आढावा घेणारे आंतरसरकारी मंडळ, आयपीसीसी, स्थापन झाले. विज्ञान आता धोरणाच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहिले होते. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, ग्लोबल क्लायमेट कोअलिशनचा जन्म झाला. तेल, कोळसा, वीज, मोटारी, पोलाद, रसायने अशा अनेक उद्योगांतील कंपन्या आणि संघटना तिच्यात होत्या. तापमानवाढीत माणसाचा वाटा किती हे अनिश्चित आहे आणि सक्तीची वायूकपात अर्थव्यवस्थेला परवडणारी नाही, हा तिचा मुख्य सूर होता.

७/
कोअलिशनला आतून काय ठाऊक होते, हे बाहेर यायला पुढे बराच काळ लागला. १९९५ च्या अखेरीस तिच्याच तांत्रिक सल्लागारांनी सदस्यांसाठी एक टिपण तयार केले. हरितगृह परिणामाचा आणि मानवी उत्सर्जनाच्या संभाव्य प्रभावाचा शास्त्रीय पाया पक्का असून तो नाकारता येणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. संशयवाद्यांचे पर्यायी सिद्धान्त पटण्याजोगे नाहीत, असे सांगणारा भागही मसुद्यात होता; तो पुढे गाळला गेला. ही कागदपत्रे एका खटल्यातून बाहेर आली आणि एप्रिल २००९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ती वाचकांपुढे ठेवली. तोवर कोअलिशन बंद होऊन सात वर्षे लोटली होती.

८/
१९९७ हे वर्ष निर्णायक ठरले. डिसेंबरात जपानमधील क्योटो येथे आंतरराष्ट्रीय करार व्हायचा होता. २५ जुलै रोजी अमेरिकी सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी ठराव केला : विकसनशील देशांवर त्याच काळात बंधने नसतील, किंवा अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेचे गंभीर नुकसान होणार असेल, तर अशा करारावर सही करू नये. उद्योगसंघटनांनी दूरचित्रवाणीवर कराराविरुद्ध मोठी जाहिरातमोहीम चालवली. स्टॅनफर्डचे भाषण याच वर्षातले आहे, हे लक्षात ठेवावे. एकीकडे एका कंपनीचा प्रमुख ‘कृतीचा विचार करू’ म्हणत होता. दुसरीकडे त्याच उद्योगाच्या संघटना ती कृती रोखण्यासाठी पैसा ओतत होत्या.

९/
क्योटो करार झाला, पण अमेरिकेच्या मान्यतेचा प्रश्न लोंबकळतच राहिला. एप्रिल १९९८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एक मसुदा उघड केला. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या पुढाकाराने जमलेल्या एका गटाने आखलेली ती प्रचारयोजना होती. सामान्य नागरिक आणि प्रसारमाध्यमे हवामानविज्ञानातील अनिश्चितता मान्य करू लागतील तेव्हा विजय मिळाला असे समजावे, हा त्या योजनेचा गाभा होता. ही योजना केवळ विचाराधीन आहे, असा खुलासा संघटनेने केला. त्याच महिन्यात शेल कंपनीही कोअलिशनमधून बाहेर पडली. पण बीपीप्रमाणे शेलही इन्स्टिट्यूटमध्ये राहिली. म्हणजे ज्या संघटनेच्या छताखाली हा मसुदा लिहिला गेला, तिला या दोन्ही ‘सुधारक’ कंपन्यांची वर्गणी चालूच होती.

१०/
पुढे राजीनाम्यांची रांगच लागली. डिसेंबर १९९९ मध्ये फोर्ड, आणि २००० च्या पहिल्या काही महिन्यांत डेमलरक्रायस्लर, टेक्साको आणि जनरल मोटर्स बाहेर पडल्या. पर्यावरणवाद्यांनी हा आपला विजय मानला. पण यानंतर कोअलिशनने जे केले ते या संपूर्ण इतिहासाची किल्ली आहे. तिने आपली घटनाच बदलली : यापुढे कंपन्या थेट सदस्य राहणार नाहीत, केवळ उद्योगसंघटना सदस्य असतील. झाले! आता राजीनामा द्यायला कंपनीचे नावच यादीत उरले नाही. कंपनी संघटनेत आणि संघटना कोअलिशनमध्ये. पैसा आणि प्रभाव यांची वाट तीच राहिली. नावाची पाटी तेवढी उतरली.

११/
मार्च २००१ मध्ये अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी क्योटो करार नाकारला. त्याच वर्षी जूनमध्ये परराष्ट्र खात्याच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याची कोअलिशनच्या प्रतिनिधींशी भेट ठरली. त्या भेटीसाठी तयार केलेली टाचणे पुढे माहितीच्या कायद्याखाली बाहेर आली. अध्यक्षांनी क्योटो नाकारला तो काही अंशी तुमच्या सल्ल्यामुळे, असे प्रतिनिधींना सांगावे, अशी सूचना त्यांत होती. २००२ च्या आरंभी कोअलिशनने आपले काम थांबवले. ज्या कामासाठी ती निघाली होती ते बव्हंशी साधले होते. ज्यांनी तिला जाहीरपणे सोडले त्या कंपन्यांच्या अहवालांत मात्र हा काळ ‘हवामानाची जबाबदारी स्वीकारल्याचा’ काळ म्हणून नोंदला गेला.

१२/
हीच कथा एका दशकाने पुन्हा घडली. जानेवारी २००७ मध्ये काही मोठ्या कंपन्या आणि पर्यावरणसंस्था यांनी एकत्र येऊन ‘यूएस क्लायमेट अ‍ॅक्शन पार्टनरशिप’ नावाची आघाडी उभारली. उत्सर्जनावर कायद्यानेच मर्यादा घाला, अशी तिची मागणी होती. बीपीची अमेरिकी शाखा आणि ड्यूक एनर्जी या संस्थापकांत होत्या. कोनोकोफिलिप्स आणि शेल त्याच वर्षी सामील झाल्या. २६ जून २००९ रोजी असे विधेयक प्रतिनिधिगृहात २१९ विरुद्ध २१२ अशा निसटत्या बहुमताने मंजूर झाले. आता सिनेटची पायरी उरली होती.

१३/
त्याच उन्हाळ्यात अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या अध्यक्षांचे सदस्य कंपन्यांना पाठवलेले पत्र फुटले. ‘एनर्जी सिटिझन्स’ या नावाने विधेयकाविरुद्ध सभा भरवायच्या असून, कंपन्यांनी आपले कर्मचारी त्या सभांना पाठवावेत, असे त्यात सुचवले होते. वरवर पाहता या नागरिकांच्या सभा होत्या; गर्दीची जुळवाजुळव मात्र उद्योगाची होती. पहिली सभा ऑगस्टमध्ये ह्यूस्टनला झाली. गंमत अशी की विधेयकासाठी आघाडी उभारणाऱ्या बीपी, शेल आणि कोनोकोफिलिप्स या तिन्ही कंपन्या या इन्स्टिट्यूटच्याही सदस्य होत्या. एका हाताने त्या दिवा पेटवत होत्या; दुसऱ्या हाताने त्यावर फुंकर घालणाऱ्याला वर्गणी देत होत्या.

१४/
त्याच वर्षी वेगळी वाट धरणाऱ्याही काही कंपन्या निघाल्या. ‘यूएस चेंबर ऑफ कॉमर्स’ या देशव्यापी व्यापारीसंघाच्या एका अधिकाऱ्याने हवामानविज्ञानावर जाहीर खटल्यासारखी सुनावणी घ्यावी, अशी मागणी केली. त्यावर कॅलिफोर्नियातील पीजी अँड ई ही वीज कंपनी सप्टेंबर २००९ मध्ये चेंबरमधून बाहेर पडली. न्यू मेक्सिकोतील पीएनएम आणि अणुवीज निर्मितीत आघाडीवर असलेली एक्झेलॉन यांनीही तेच केले. यातील हितसंबंध मात्र नजरेआड करू नयेत. कार्बनला किंमत लागली तर अणुवीज विकणाऱ्या कंपनीचा फायदाच होणार होता. जिथे वचन आणि नफा एका दिशेला होते, तिथे राजीनामा लवकर आला. जिथे ते विरुद्ध दिशांना होते, तिथे ‘आत राहून बदल घडवू’ हे वाक्य ऐकू आले.

१५/
फेब्रुवारी २०१० मध्ये बीपी आणि कोनोकोफिलिप्स यांनी राजीनामा दिला, पण तो कोणत्या संस्थेचा? इन्स्टिट्यूटचा नव्हे, कायद्याची मागणी करणाऱ्या आघाडीचा. जुलै २०१० मध्ये सिनेटमधील नेत्यांनी तो प्रयत्न सोडून दिला. या अपयशाचे खापर एकट्या उद्योगसंघटनांवर फोडणे अन्यायाचे होईल. आर्थिक मंदी होती, आरोग्यविम्याच्या कायद्यावरून राजकारण तापले होते, कोळसा उत्पादक राज्यांचे सिनेटर नाखूश होते. पण कंपन्यांची वचने आणि संघटनांचे लॉबिंग यांतील दरी किती खोल आहे, हे या प्रसंगाने पहिल्यांदा अनेकांच्या लक्षात आणून दिले. लक्षात आलेल्यांमध्ये काही गुंतवणूकदार होते.

१६/
डिसेंबर २०१५ च्या पॅरिस करारानंतर चित्र बदलू लागले. निवृत्तिवेतन निधीसारख्या मोठ्या गुंतवणूकदारांचा पैसा एका कंपनीत नव्हे, साऱ्या अर्थव्यवस्थेत पसरलेला असतो. तेल कंपनीच्या संघटनेने एखादा कायदा रोखला, तर त्याची किंमत त्याच निधीच्या विमा, शेती आणि बंदरे यांतील गुंतवणुकीला मोजावी लागते. म्हणून त्यांनी कंपन्यांना विचारायला सुरुवात केली : तुम्ही कोणकोणत्या संघटनांचे सदस्य आहात? त्यांची भूमिका तुमच्या वचनाशी जुळते का? जुळत नसेल तर तुम्ही काय करणार? ऑक्टोबर २०१८ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडचे निवृत्तिवेतन मंडळ आणि स्वीडनचा एपी-७ निधी यांच्या पुढाकाराने युरोपातील मोठ्या कंपन्यांना अशी पत्रे गेली.

१७/
याची सुरुवात मात्र ऑस्ट्रेलियात झाली होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिथले अर्थमंत्री स्कॉट मॉरिसन यांनी संसदेत कोळशाचा एक मोठा तुकडा उंचावून, याला घाबरू नका, असे विरोधकांना बजावले. तो तुकडा खाणउद्योगाच्या ‘मिनरल्स काउन्सिल’ने पुरवल्याचे वृत्तांत आले. या काउन्सिलची एक बडी सदस्य होती बीएचपी. कोळसा, तेल आणि वायू काढणाऱ्या या कंपनीने पॅरिस कराराला पाठिंबा दिला होता. भागधारकांनी ठराव मांडल्यावर तिने आपल्या संघटनांची तपासणी केली आणि डिसेंबर २०१७ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. एप्रिल २०१८ मध्ये ती ‘वर्ल्ड कोल असोसिएशन’मधून बाहेर पडली, मिनरल्स काउन्सिलमध्ये मात्र राहिली.

१८/
एप्रिल २०१९ मध्ये शेलने आपला आढावा प्रसिद्ध केला. त्यात १९ संघटना तपासल्या होत्या. नऊ जुळणाऱ्या, नऊ अंशतः न जुळणाऱ्या आणि एक ठळकपणे विरोधी. ही एक म्हणजे अमेरिकेतील तेलशुद्धीकरण उद्योगाची ‘एएफपीएम’ ही संघटना. शेलने तिचे सदस्यत्व सोडले. ‘अंशतः न जुळणाऱ्या’ रकान्यात अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट आणि यूएस चेंबर या दोन बलाढ्य संघटना होत्या. त्यांच्यात शेल राहिली आणि मतभेद जाहीर केले. हा आढावा दुर्लक्षिण्याजोगा नव्हता. मोठ्या तेल कंपनीने आपल्या संघटनांची नावानिशी उलटतपासणी छापावी ही नवी गोष्ट होती. पण परीक्षार्थीच परीक्षक होता, हेही खरे.

१९/
फेब्रुवारी २०२० मध्ये बीपीने ३० संघटनांचा आढावा घेऊन तीन सोडल्या : एएफपीएम, पश्चिम किनाऱ्यावरील ‘डब्ल्यूएसपीए’ आणि ‘वेस्टर्न एनर्जी अलायन्स’. पहिल्या दोघींशी कार्बनच्या किमतीवरून आणि तिसरीशी मिथेनवरील नियमांवरून मतभेद असल्याचे कारण दिले. इथे एक आठवण ठेवायला हवी. नोव्हेंबर २०१८ मध्ये वॉशिंग्टन राज्यात कार्बनवर शुल्क लावण्याचा प्रस्ताव सार्वमताला आला, तेव्हा विरोधी मोहिमेत सर्वाधिक पैसा घालणारी कंपनी बीपीच होती. सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर. कार्बनला किंमत हवी, पण हा प्रस्ताव सदोष आहे, असे तिचे म्हणणे होते. प्रस्ताव पडला. म्हणजे विसंगती केवळ संघटनेच्या आडून घडते असे नाही. कधी ती कंपनीच्या स्वतःच्या सहीनेही घडते.

२०/
मोठ्या तेल कंपन्यांपैकी खुद्द अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट सोडण्याचे पाऊल फ्रान्सच्या टोटलने जानेवारी २०२१ मध्ये उचलले. मिथेनचे नियम शिथिल करण्यास इन्स्टिट्यूटने दिलेला पाठिंबा, विजेवरील वाहनांच्या अनुदानाला विरोध आणि पॅरिस कराराच्या विरोधकांना निवडणुकीत दिलेली साथ, ही कारणे तिने उघडपणे मांडली. अमेरिकेत भागधारकही पुढे सरसावले. मे २०२० मध्ये शेव्हरॉनच्या वार्षिक सभेत, संचालक मंडळाचा विरोध असताना, हवामानविषयक लॉबिंगचा अहवाल मागणारा ठराव ५३ टक्के मतांनी मंजूर झाला. पुढच्या वर्षी एक्झॉनमोबिलच्या सभेत अशाच ठरावाला जवळपास ६४ टक्के मते पडली.

२१/
दबावाचा परिणाम दिसू लागला. मार्च २०२१ मध्ये इन्स्टिट्यूटने कार्बनला किंमत लावण्याच्या धोरणास पाठिंबा जाहीर केला. कागदावर वचन आणि संघटना यांचा मेळ बसला होता. पण तीनच महिन्यांनी ब्रिटिश दूरचित्रवाणीवर एक गुप्त चित्रफीत झळकली. त्यात एक्झॉनमोबिलचा वॉशिंग्टनमधील एक वरिष्ठ लॉबिस्ट सांगत होता की कार्बन कर कधी येणारच नाही, पण पाठिंबा देण्यासाठी तो विषय सोयीचा आहे. आणि अवघड ठिकाणी संघटनांना पुढे केले जाते, म्हणजे चाबकाचे फटके त्यांनी झेलावेत. कंपनीच्या प्रमुखांनी ही विधाने कंपनीची भूमिका नसल्याचे सांगून त्यांचा निषेध केला. तरीही दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवण्याचे तंत्र ती चालवणाऱ्यानेच वर्णन करून सांगितले, असे इतिहासात क्वचित घडते.

२२/
२८ ऑक्टोबर २०२१ रोजी एक्झॉनमोबिल, शेव्हरॉन, बीपीची अमेरिकी शाखा आणि शेलची अमेरिकी शाखा यांचे प्रमुख प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे साक्षीला बसले. इन्स्टिट्यूट आणि चेंबर यांचे प्रमुखही तिथेच होते. प्रतिनिधी रो खन्ना यांनी थेट विचारले : तुमची संघटना विजेवरील वाहने आणि मिथेन शुल्क यांना विरोध करते आहे, तो थांबवा, असे तुम्ही तिला आत्ता सांगाल का? एकाही प्रमुखाने तसे वचन दिले नाही. वचने अहवालात होती, संघटनेचे प्रमुख समोर होते, आणि एक वाक्य उच्चारायचे होते. चोवीस वर्षांपूर्वी स्टॅनफर्डला जो प्रश्न अर्धवट सुटला होता, तो तसाच पुन्हा समोर उभा राहिला.

२३/
मार्च २०२२ मध्ये गुंतवणूकदारांच्या गटांनी जबाबदार हवामान-लॉबिंगचे एक जागतिक मानक प्रसिद्ध केले. त्यात चौदा निकष आहेत. पण ‘वचन आणि लॉबिंग जुळवणे’ या शब्दांत एक पळवाट दडलेली असते. लॉबिंग वचनापर्यंत वर नेता येते, तसे वचनही लॉबिंगपर्यंत खाली आणता येते. बीपीने २०२० मध्ये दशकाअखेर तेल-वायू उत्पादन ४० टक्क्यांनी घटवण्याचे ठरवले होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो आकडा २५ टक्क्यांवर आला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये उत्पादन वाढवण्याचेच धोरण जाहीर झाले. मार्च २०२४ मध्ये शेलनेही आपले २०३० चे एक उद्दिष्ट सैल केले. अशाने दरी बुजते हे खरे, पण ती खालच्या बाजूने.

२४/
मग इतिहासाच्या विद्यार्थ्याने यातून काय घ्यावे? कंपनीचे भाषण हे साधन आहे, वार्षिक अहवालही साधन आहे. पण त्यावरच थांबू नये. सदस्यांच्या याद्या पाहाव्यात. वर्गणी कुठे गेली ते पाहावे. विशिष्ट विधेयकावर, विशिष्ट महिन्यात संघटनेने काय केले आणि त्या वेळी कंपनी बोलली की गप्प राहिली, हे तपासावे. राजीनामा दिला असेल तर तो लढाईआधी दिला की निकालानंतर, आणि एक दार बंद करताना दुसरे उघडे ठेवले का, हेही विचारावे. ब्राउन यांचे भाषण खोटे होते असे म्हणण्याचे कारण नाही. ते बहुधा मनापासून होते. म्हणूनच हा इतिहास अधिक अस्वस्थ करतो. मनापासून काढलेले शब्द आणि नियमितपणे भरलेली वर्गणी एकाच हिशेबवहीत शेजारी शेजारी नांदू शकतात.

२५/
शेवटी सुरुवातीच्या त्या सद्गृहस्थांकडे परत येऊ. त्यांनी पत्रके वाटली याबद्दल त्यांचे कौतुक जरूर करावे. पण डीजे ठरवण्याची बैठक ज्या संध्याकाळी झाली, त्या संध्याकाळी ते कुठे होते आणि काय म्हणाले, हे मंडळाच्या इतिवृत्तात पाहावे. ते इतिवृत्त बघायला मिळत नसेल, तर आधी ते उघडे करण्याची मागणी करावी. कंपन्यांच्या संघटनांबाबत गेली काही वर्षे भागधारक जे ठराव मांडत आहेत, ते दुसरे काही नसून हीच मागणी आहे. आणि कोअलिशनची १९९५ ची टिपणे २००९ मध्ये वाचायला मिळाली, हे लक्षात घेता ती मागणी वेळेवर पूर्ण होणे किती महत्त्वाचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

धागा समाप्त. शंका आणि दुरुस्त्या असतील तर खाली अवश्य लिहा.